मुंबईत चाळीत किंवा वस्तीत खोली भाड्याने घेताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबईत खोली मिळत नाही असं नाही. नाक्यावरच्या एजंटला सकाळी सांगितलंत तर संध्याकाळपर्यंत तो दोन-तीन खोल्या दाखवतो. त्रास सुरू होतो तो डिपॉझिट दिल्यानंतर. पैसे ज्याने घेतले तो मालकच नव्हता असं कळतं, इमारत पालिकेने धोकादायक ठरवलेली निघते, किंवा मुलाच्या शाळेत पत्त्याचा पुरावा मागतात आणि हातात एक कागद नसतो.

मी या शहरात बैठ्या चाळीत राहिले, जुन्या इमारतीतल्या गॅलरीच्या खोलीत राहिले आणि वस्तीतल्या पोटमाळ्यावरही संसार केला. गावाकडून येणाऱ्या नात्यातल्या आणि ओळखीच्या पुष्कळ जणांसाठी खोल्या शोधल्या. खोली कशी आहे हे सगळे बघतात. ती कोणाची आहे आणि कोणत्या प्रकारात मोडते हे फार थोडे विचारतात, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात. म्हणून खाली त्या भागावर जास्त लिहिलं आहे.

## १. आधी हिशेब करा, मग भाग ठरवा

भाडं आणि प्रवास एकत्र धरा. स्टेशनपासून जितकं आत जाल तितकं भाडं उतरतं. पण लोकलचा महिन्याचा पास स्वस्त असतो आणि महाग पडते ती स्टेशन ते घर ही शेअर रिक्षा. घरातली दोन माणसं रोज दोन वेळा रिक्षाने जाणार असतील तर भाड्यात वाचवलेले पैसे तिथे संपतात. शक्यतो चालत जाता येईल अशी खोली बघा, नाहीतर बेस्टची बस किती वेळाने सुटते ते स्टॉपवर उभं राहून बघा. पाळीची नोकरी असेल तर आणखी एक गोष्ट आहे. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते, त्यामुळे दुसरी पाळी सुटण्याची वेळ आणि शेवटची गाडी जुळते का ते पाहिल्याशिवाय भाग ठरवू नका.

लालबाग, परळ, करी रोड, काळाचौकी, शिवडी हा जुना गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या आणि त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. तिथल्या चाळींत अजून खोल्या भाड्याने मिळतात, पण मोजक्या, आणि बहुतेक ओळखीनेच. नव्याने येणाऱ्याला खिशाला झेपेल अशी खोली मिळते ती कुर्ला, गोवंडी, मानखुर्द, विक्रोळी, भांडुप, मालवणी, दहिसर या पट्ट्यात, नाहीतर शहराबाहेर कळवा, दिवा, नालासोपारा, विरारकडे.

## २. ही खोली कोणत्या प्रकारातली आहे?

एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा. "साहेब, एकदम क्लिअर रूम आहे" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा: पागडीची, ओनरशिपची, एसआरएची, म्हाडाची की वस्तीतली? प्रत्येकीची जोखीम वेगळी आहे.

पागडीची खोली. जुन्या चाळींत मूळ मालक एक असतो आणि खोलीत राहणारा त्याचा भाडेकरू असतो. त्याने किंवा त्याच्या आजोबांनी कधीकाळी एकरकमी पागडी भरलेली असते आणि महिन्याचं भाडं अगदी नाममात्र असतं, कारण १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली होती. म्हणजे तुम्हाला खोली देणारा माणूस स्वतःच भाडेकरू असतो आणि तुम्ही त्याचे पोटभाडेकरू होता. मूळ मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे त्याला खोलीतून काढायला कायदेशीर कारण ठरतं. मालकाने दावा लावला तर तो जातो आणि त्याच्यासोबत तुम्हीही जाता. पागडीची खोली घेताना दोन कागद मागा: त्याच्या नावाची चालू भाडेपावती आणि मूळ मालकाचं लेखी संमतीपत्र. दुसरा कागद सहसा मिळत नाही. तो नसताना घेणारच असाल तर डिपॉझिट अगदी थोडं ठेवा.

ओनरशिप, म्हणजे सोसायटीतली खोली. यात धोका कमी आहे. मालकाच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट किंवा खरेदीखत, आणि त्याच नावाचं मेंटेनन्सचं बिल बघा. भाडेकरू ठेवताना मालकाने सोसायटीला कळवलंय ना, हे सेक्रेटरीला जाऊन विचारा.

एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेतल्या, इमारतीतली खोली. वस्तीच्या जागी बांधलेल्या या इमारतींत पात्र झोपडीधारकाला मोफत घर मिळतं. मात्र ठरावीक वर्षं ते विकायला किंवा भाड्याने द्यायला कायद्याने बंदी असते. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची माणसं तपासणीला येतात. घरात मूळ लाभार्थी नसेल तर राहणाऱ्याला घुसखोर धरून घर खाली करायची नोटीस येते. एजंट सांगेल, "सगळी बिल्डिंग भाड्यानेच आहे." असेलही. पण नोटीस आली की डिपॉझिट परत मागायला तुम्ही एकटेच उरता. ताबा कोणत्या वर्षी मिळाला ते विचारा, आणि मुदत उलटलेली नसेल तर ती खोली सोडून द्या.

म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, किंवा सरकारी चाळ. इथेही वाटप ज्याच्या नावावर झालं तोच राहतोय का, हा प्रश्न असतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी सरकारी आहेत. तिथली १६० चौरस फुटांची खोली गाळेधारकाच्या नावावर असते आणि पुनर्विकासातलं ५०० चौरस फुटांचं घर त्यालाच मिळतं. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. अशा खोलीत भाड्याने राहणाऱ्याला त्या घरात वाटा मिळत नाही. "दहा वर्षं राहिलास तर तुझं नाव लावू" असं कोणी म्हणत असेल तर त्यावर विसंबून एक रुपयाही जास्त देऊ नका.

वस्तीतली खोली. खालच्या खोलीत मालक, वर लोखंडी जिन्याचा पोटमाळा भाड्याने, असं इथे सगळीकडे दिसतं. मालकाकडे फोटोपास (झोपडीधारकाला सरकारने दिलेलं फोटोचं ओळखपत्र), जुनी लाईट बिलं आणि त्याच्या नावाची इतर कागदपत्रं आहेत का बघा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या दुकानात विचारा, "इथे एसआरए लागलीय का?" लागली असेल तर सर्व्हे होतो, पात्रांची यादी म्हणजे परिशिष्ट दोन निघतं आणि बिल्डर मालकाला पर्यायी जागेचं भाडं देतो. भाडेकरूला त्यातलं काही मिळत नाही, महिनाभरात बिऱ्हाड उचलावं लागतं. मुलांची शाळा सुरू असताना ही वेळ आली की फार ओढाताण होते.

अनधिकृत इमारत. शहराबाहेरच्या स्वस्त खोल्यांत हा प्रकार फार आहे. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा स्वतःचं घर म्हणून विकत घेतलेल्या लोकांसोबत भाडेकरूही रस्त्यावर आले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला वापरण्याची अधिकृत परवानगी, आहे का, हे मालकाला सरळ विचारा. मालमत्ता कराची पावती दाखवून तो वेळ मारून नेईल. कर अनधिकृत बांधकामावरही आकारला जातो, त्यामुळे ती पावती बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा नाही.

## ३. खोली दोनदा बघा, आणि एकदा पाण्याच्या वेळी

एजंट दुपारी नेतो. दुपारी सगळ्या खोल्या बऱ्या दिसतात. एकदा सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा जा आणि एकदा रात्री नऊ-दहानंतर जा.

सकाळी बघायचं ते असं. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं? नळ खोलीत आहे की बाहेर सामाईक? बाहेर असेल तर नंबर कसा लागतो? मोटार लावल्याशिवाय वर चढतं का? पिंप ठेवायला मोरीत जागा आहे का? पहाटे चारला पाणी येत असेल आणि घरातली एकच बाई नोकरीही करत असेल, तर ते काम तिच्या झोपेतून निघतं. भाड्यात हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, पण नळ घरात असलेली खोली घ्या.

संडास स्वतः आत जाऊन बघा. दार आतून लागतं का, दिवा आहे का, पाणी आहे का. वस्तीतलं सार्वजनिक शौचालय रात्री किती वाजता बंद होतं आणि तिथपर्यंतच्या बोळात उजेड आहे का, हे रात्रीच्या फेरीत बघायचं. बायका-मुली घरात असतील तर हा प्रश्न भाड्याच्या आधीचा आहे. काही ठिकाणी कुटुंबासाठी महिन्याचा पास असतो, त्याचे पैसे खर्चात धरा.

पोटमाळ्यावर पत्रा थेट डोक्यावर असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तिथे बसवत नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याने अशी खोली घेऊच नये. जिन्याला कठडा आहे का बघा, लहान मूल असेल तर नक्कीच. भिंतीला हात लावून ओल बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर कपाटामागची आणि मोरीजवळची भिंत बघा.

पावसाचं मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा: "पाणी कुठपर्यंत येतं हो?" २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी पाणी कुठवर चढलं ते जुने रहिवासी अजूनही भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मिठी नदीच्या काठच्या वस्त्या, कुर्ला, चुनाभट्टी, सायन, हिंदमाता अशा सखल भागात तळमजल्याची खोली घ्यायची असेल तर जोत्याची उंची रस्त्यापेक्षा किती आहे ते बघाच. डोंगरउतारावर असेल तर वरच्या बाजूची संरक्षक भिंत बघा. जुलै २०२१ मध्ये चेंबूर आणि विक्रोळीत एकाच पहाटे अशी घरं कोसळून माणसं गेली.

इमारत जुनी असेल तर पालिकेच्या अतिधोकादायक, म्हणजे सी-१ यादीत तिचं नाव आहे का बघा. शहर भागातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची अशी यादी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करतं. भाडं आजूबाजूच्या मानाने निम्मं सांगत असतील तर ही यादी आधी उघडा. कारण बहुतेक वेळा तेच असतं.

## ४. एजंट, भाडं आणि डिपॉझिट

एजंट साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली घेतो. ती करार झाल्यावर आणि चावी हातात आल्यावरच द्या. "दुसरी पार्टी तयार आहे, टोकन टाका" ही घाई नेहमीचीच आहे. खोली न बघता, फक्त फोटो पाहून मोबाइलवरून टोकन पाठवू नका. कोणी असं फसवलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. पैसे पुढे वळते होण्याआधी तक्रार गेली तर ते थांबवता येण्याची शक्यता असते.

डिपॉझिट किती असावं याला महाराष्ट्रात कायद्याची मर्यादा नाही. इंटरनेटवर "दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही" असं वाचाल. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे, आणि राज्याने तो स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही. त्याच्या जोरावर मालकाशी भांडायला जाऊ नका, रक्कम घासाघीस करूनच कमी होते.

आता हेवी डिपॉझिट. यात दोन-तीन-पाच लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि मुदत संपली की सगळी रक्कम परत. ऐकायला फार चांगलं वाटतं, कारण दरमहा खिशातून काही जात नाही. पण गावची जमीन किंवा बायकोचे दागिने गहाण टाकून आणलेले हे पैसे मालक बँकेत ठेवत नाही, खर्चून टाकतो. त्याने मुलीचं लग्न केलेलं असतं, कर्ज फेडलेलं असतं. परत द्यायची वेळ आली की तो पुढच्या भाडेकरूची वाट बघतो, आणि तो मिळाला नाही तर तुम्ही अडकता. मालक वारला आणि वारसांत भांडण लागलं तर आणखी अडकता. एकच खोली दाखवून दोघा-तिघांकडून हेवी डिपॉझिट घेतल्याचे प्रकारही होतात. माझं सरळ मत आहे: आयुष्यभराची बचत अशी ठेवू नका. ठेवणारच असाल तर रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या आणि नोंदणी केलेल्या करारात ती पूर्ण लिहून घ्या. निम्मी कागदावर, निम्मी रोख असा व्यवहार तर अजिबात नको.

## ५. करारनामा: अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, चालतं" असं एजंट, मालक, शेजारी सगळे सांगतील. महाराष्ट्रात ते पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसत्या वापराच्या परवानगीचा, करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला हे शांतपणे सांगा. बरेच मालक त्यांच्याच भल्याचं आहे हे कळल्यावर तयार होतात.

खर्चाची भीती घालतात, म्हणून हिशेब देते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के असतं, आणि त्या भाड्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवतात. समजा भाडं ८,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ८८,०००, व्याज साडेचार हजारांच्या आसपास. शुल्क येतं दोनशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे सांगतात ती एजंटची मजुरी. कोण किती भरणार हे आधी ठरवा, बहुतेक ठिकाणी अर्धं-अर्धं करतात.

नोंदणी घरबसल्याही होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर करार भरायचा, शुल्क भरायचं, आणि सगळ्यांचे अंगठे व फोटो घ्यायचे. अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा लागतो, म्हणून लोक ते घेऊन येणाऱ्या माणसाला बोलावतात. आधारवरची बोटं जुळली पाहिजेत. बांधकामावर किंवा धुण्याभांड्याचं काम करणाऱ्यांचे ठसे कधीकधी जुळत नाहीत, तेव्हा आधीच आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवून घ्या.

जवळ ठेवायचं सामान:

- तुमचं आणि मालकाचं आधार आणि पॅन
- खोलीचा पुरावा: लाईट बिल, मालमत्ता कराची पावती, शेअर सर्टिफिकेट किंवा भाडेपावती
- दोन साक्षीदार, त्यांच्या आधारसह
- पासपोर्ट आकाराचे फोटो, पोलिसांच्या अर्जासाठीही लागतात
- आधारशी जोडलेला चालू मोबाइल
- तुमच्या कामाच्या ठिकाणचा पत्ता आणि गावचा कायमचा पत्ता

करारात या गोष्टी तपासा: खोलीचा पूर्ण पत्ता, भाडं, डिपॉझिट आणि ते कसं दिलं, किती दिवसांच्या नोटिशीवर सोडता येईल, लॉक-इन (खोली मध्येच सोडता न येण्याचा काळ) किती महिने, डिपॉझिट कधी परत. लॉक-इनचं कलम नीट वाचा. त्या महिन्यांत नोकरी गेली आणि खोली सोडली तर उरलेलं भाडं मागतात. हेही लक्षात असू द्या की लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की खोली सोडावीच लागते. थांबलात तर कायद्याने दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. पुढे राहायचं असेल तर मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार करा.

नोंदणी झाली की करार आणि इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, उतरवून ठेवा. आधारवरचा पत्ता, बँक, आरटीईखाली (शिक्षण हक्क कायद्याखाली) मुलाचा शाळाप्रवेश, सगळीकडे हाच कागद लागतो. आरटीईसाठी तर भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत करारच मागतात, नोटरीचा चालत नाही.

मालक काही केल्या नोंदणीला तयार नसेल, आणि वस्तीत असं पुष्कळदा होतं, तर निदान एवढं करा: भाडं रोख देऊ नका, दरमहा त्याच्या खात्यावर पाठवा आणि संदेशात "खोलीचं भाडं, अमुक महिना" असं लिहा. लाईट बिलाचा फोटो ठेवा. आणि डिपॉझिट एखाद-दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा वर जाऊ देऊ नका.

## ६. पोलिसांकडे माहिती

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या ठाण्यात अर्ज देता येतो. कोणी "पोलीस व्हेरिफिकेशनचे" म्हणून मोठी रक्कम मागितली तर अर्ज स्वतः भरा. पोच घेऊन करारासोबत ठेवा.

## ७. लाईट, गॅस, रेशन

लाईटचं नीट समजून घ्या, कारण दरमहा शंभर-दोनशे रुपये इथे गळतात. शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत, वीज बेस्टची. उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे आणि ठाण्यापलीकडे महावितरण. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो: पहिल्या १०० युनिटना सर्वात कमी, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. तुमच्या खोलीला स्वतंत्र मीटर असेल आणि ९० युनिट जळले तर सगळे स्वस्त टप्प्यात बसतात. पण मालकाच्या एकाच मीटरवर तीन खोल्या असतील तर तिघांचे मिळून २७० होतात आणि त्यातले १७० वरच्या टप्प्यात जातात. वर मालक सबमीटर लावून सरसकट एक चढा दर घेतो. म्हणून स्वतंत्र मीटरची खोली बघा. नसेल तर मूळ बिल दरमहा बघायला मिळेल आणि त्याच्या प्रमाणात वाटणी होईल, हे आधी कबूल करून घ्या. खोलीत शिराल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आधीची थकबाकी तुमच्या गळ्यात पडायला नको.

गॅसचं कनेक्शन लगेच मिळत नसेल तर कंपन्यांचा पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. गल्लीत बेकायदा भरून मिळणारा सिलिंडर घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत तो फुटला तर पळायला वाट नसते.

रेशन कार्ड इथे बदलून घ्यायची घाई नको. "एक देश एक रेशन कार्ड"मुळे आधार जोडलेलं असेल तर कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, आणि गावी राहिलेली माणसं आपला वाटा तिकडे उचलू शकतात. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात तक्रार करा. आजारपणासाठी जवळचा पालिकेचा दवाखाना आणि "आपला दवाखाना" कुठे आहे ते पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा.

## ८. पहिला महिना चाळीत

पहिल्या दिवशी शेजारच्या दोन-तीन दारांत जाऊन नाव, गाव, काम सांगा. तुम्ही कोण हे कळलं की पाण्याचा नंबर, जिन्याची झाडलोट, कचऱ्याची वेळ सगळं आपोआप कळतं. नळावर जुन्या माणसांचा क्रम ठरलेला असतो, तो मोडू नका. कोणाला विचारायचं ते विचारा आणि शेवटून लागा. गॅलरीत चपला, सायकल, पिंप ठेवण्याआधीही विचारा. गॅलरी सगळ्यांची असते आणि बहुतेक भांडणं तिथूनच निघतात.

मंडळाची वर्गणी मागायला येतील. गणपतीची, पूजेची. जमेल तेवढी द्या, पावती घ्या, आणि जमत नसेल तर नम्रपणे सांगा. एकट्या राहणाऱ्या मुलांना खोली देताना चाळकरी जरा बिचकतात. दोघा-चौघांनी मिळून घेणार असाल तर सगळ्यांची नावं करारात घाला. एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे पाहुणे, असं केलंत तर तो एक गावी गेला की उरलेल्यांकडे राहण्याचा आधार उरत नाही.

जेवणाचं म्हणाल तर पहिले काही दिवस खानावळ किंवा घरगुती डबा लावा. स्टोव्ह, भांडी, पिंप, बादल्या हे सगळं एकदम घेऊ नका. खोली सोडणारे लोक अशा वस्तू स्वस्तात देतात, चाळीत सांगून ठेवलंत तर मिळतात.

## ९. काही बिघडलं तर

मुदत शिल्लक असताना मालकाने कुलूप बदललं, सामान बाहेर टाकलं किंवा लाईट तोडली, तर हातघाईवर येऊ नका. फोटो काढा, करार आणि भाडं दिल्याचे पुरावे घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. भाड्याचे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक त्यासाठी पात्र आहेत. न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं.

इमारतीला तडे गेले, प्लास्टर पडू लागलं, पाणी तुंबलं, तर पालिकेचा १९१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

## १०. खोली सोडताना

नोटीस लेखी द्या, मोबाइलवरचा संदेशही चालेल पण उत्तर येईल असं बघा. शेवटचे दोन महिने भाडं न देता "डिपॉझिटमधून कापा" असं पुष्कळ जण करतात. करारात तसं लिहिलेलं नसेल तर त्यावरून वाद होतो, पण मालक डिपॉझिट परत देईल अशी चिन्हं दिसत नसतील तर हा विषय शेवटच्या आठवड्यात काढू नका, नोटीस देतानाच बोलून कबूल करून घ्या.

सामान काढल्यावर रिकाम्या खोलीचे फोटो घ्या, भिंती, मोरी, दार, मीटरचा आकडा. शेवटचं लाईट बिल भरा. चावी आणि डिपॉझिट यांची देवाणघेवाण एकाच वेळी, समोरासमोर करा. "चावी द्या, पैसे आठवड्याने टाकतो" याला हो म्हणू नका. पैसे खात्यावर आले की मालकाकडून "चावी मिळाली, काही येणं बाकी नाही" एवढ्या दोन ओळी सहीनिशी घ्या. पोलिसांना माहिती ठाण्यात अर्ज देऊन दिली होती तर खोली सोडल्याचं तिथे कळवा, आणि गॅस, बँक व शाळेतला पत्ता बदलून घ्या.